रथाच्या गर्दीतलं नेट, घरच्या लॅपटॉपवर

आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात रथ निघाला, की मोबाइलच्या दांड्या फुल्ल आणि नेट ढिम्म! असं ढिम्म नेट घरी बनवता येतं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. त्यातल्या 'टीसी' कमांडला 'नेटएम'ची जोड देऊन मी २०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के पॅकेट गळती लावली. धावणारं डाउनलोड रांगायला लागलं. डाउनलोडची पॅकेटं पोचवणारं टीसीपी बिचारं भोळं: पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून आपणच वेग उतरवतं.

शेकडो मोबाइलांचं वायफाय उभं करायचं तर एनएस-३. सी++ मधला हा सिम्युलेटर २००८ पासून फुकट मिळतो. सोपा आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी त्याहून सोप्या मिनिनेटवर हात बसवा.

खऱ्या शेताझाडांतली गंमत मात्र वेगळीच. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ लहरींवर इंटरनेट चालवून पाहिलं. या लहरी झाडांच्या आडून वायफायपेक्षा बऱ्या पोचतात. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाने बक्षीसही मारलं.

कुणाला नेटएमची कमांड हवी असेल तर सांगा, टाकतो.