सील शाबूत, पण आतलं पितळ?

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या एका वाचकाने तारकर्लीला स्कूबा शिकून आल्यावर विचारलंय, ‘पाणी आत न शिरणारा सीलबंद रेग्युलेटर सेकंडहँड मिळतोय. घेऊ का?’

उत्तरासाठी आधी ओट्याखाली वाकून बघा. गॅसच्या रेग्युलेटरला एक बारीक भोक असतं. आत रबराचा पडदा. त्याच्या एका अंगाला गॅस, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग आणि त्या भोकातून येणारी बाहेरची हवा. पडदा दोन्ही बाजू सतत तोलतो आणि गॅसचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम फूटभर पाण्याइतका जास्त राखतो.

स्कूबाचा रेग्युलेटर याच घराण्यातला. महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, गाड्या गॅसवर चालू लागल्या. त्यांच्यासाठी एमिल गान्याँ या अभियंत्याने केलेली झडप सुधारून १९४३ मध्ये सागर-संशोधक कुस्तो पाण्यात उतरला. कुस्तोला जग ओळखतं, गान्याँला फारसं कुणी नाही, हे मला कायम खटकतं. रुकेरॉलचंही तसंच. या खाण-अभियंत्याने श्वासागणिक हवा देणाऱ्या यंत्राचं पेटंट १८६० मध्येच घेतलं होतं. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो त्याचीच सुधारित आवृत्ती वापरतो. आणि नेमो तर आपल्या बुंदेलखंडचा राजपुत्र!

पाण्याखाली त्या भोकातून हवेऐवजी पाणी शिरतं आणि पडद्याला खोली कळते. सिलिंडरमधली २०० बारची हवा पहिल्या टप्प्यात भोवतालच्या दाबापेक्षा ९-१० बारच जास्त उरते. एवढी पसरताना ती गारठते. थंड देशांत त्यामुळे स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, झडप उघडीच राहते आणि हवा भसाभस निसटते. म्हणून बाहेरून आणखी एक पडदा लावतात. त्यातून दाब आत पोचतो, पाणी नाही. हेच ते सील.

मालवणचं पाणी कधी गोठत नाही. आपल्याकडे सीलचा उपयोग खार, वाळू आणि गाळ स्प्रिंगपासून दूर ठेवण्यापुरता. पण आधीच्या मालकाने हवा आत येण्याच्या तोंडाला टोपी न लावताच रेग्युलेटर धुतला असेल, तर पाणी हवेच्याच वाटेने आत गेलेलं असतं. तिथे सील काही करू शकत नाही.

सिलिंडरला जोडतात त्या तोंडाशी धातूची बारीक गाळणी दिसते. तिच्यावर बॅटरीचा झोत टाका. हिरवट दिसली तर पितळ कळकलंय, तांबूस असेल तर पोलादी सिलिंडरचा गंज, काळपट असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा. मग सिलिंडर जोडून हवा सोडा. बाहेरचा पडदा फुगला तर आत गळती आहे. पहिल्या टप्प्यानंतरचा दाब मोजणारा काटा एका आकड्यावर थांबला पाहिजे. तो हळूहळू चढत राहिला तर झडपेची बैठक झिजली आहे.

हे सगळं ठीक निघालं, त्या मॉडेलचे सुटे भाग आजही मिळत असले आणि सर्व्हिसिंगचा खर्च धरूनही भाव परवडला, तरच घ्या. नुसत्या सीलसाठी जास्त पैसे मोजू नका. तंत्रज्ञाने उघडून ओ-रिंगा बदलेपर्यंत त्यातून पाण्याखाली श्वास घेऊ नका.

आणखी एक, न विचारलेलं. लोणावळा परिसर ६०० मीटरहून उंच आहे. डाइव्ह करून लगेच घाट चढू नका. विमानप्रवासाआधी पाळतात तेच अंतर इथेही ठेवा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८.