डोळ्यांपुढची तटबंदी

कोल्हापूर परिसरातल्या बहुतेक घरांत अर्धशिशीचे निदान डॉक्टरांकडे जाण्याआधीच झालेले असते, आणि ते एका शब्दाचे असते : पित्त. डोक्याची एक बाजू ठणकू लागते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, शेवटी उलटी होते आणि मग काहीसा आराम पडतो. हा क्रम पाहता पोटातले पित्त डोक्यात चढले आणि उलटीवाटे पडून गेले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या आजाराचा उगम जठरात नसून मेंदूत आहे, आणि मळमळ हे त्याचे कारण नसून त्याचाच एक भाग आहे. चरकसंहितेत ‘अर्धावभेदक’ या नावाने अर्ध्या डोक्याच्या दुखण्याचे जे वर्णन येते, त्यातही दोष पित्ताकडे दिलेला नाही. तो एकट्या वाताकडे किंवा कफासह वाताकडे दिलेला आहे.

हा आजार विरळा नाही. कोल्हापूरला लागून असलेल्या कर्नाटक राज्यात, बंगळूर शहर व त्याभोवतीच्या ग्रामीण भागात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. वयात आल्यानंतर स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतो. या रुग्णांपैकी साधारणपणे चौथ्या हिश्श्याला डोके दुखण्यापूर्वी काही विलक्षण संवेदना होतात, ज्यांना वैद्यकात ‘ऑरा’ म्हणतात, आणि ऑरा येणाऱ्यांपैकी दहात नऊ जणांना तो दृष्टीचा असतो. पित्ताच्या स्पष्टीकरणात ही दिसणारी गोष्ट कोठेच बसत नाही, म्हणून ती सांगितलीच जात नाही, किंवा चष्म्याचा नंबर वाढला असे समजून सोडून दिली जाते.

दृष्टीचा ऑरा बहुधा नजरेच्या मध्याजवळ एका लहानशा डागाने सुरू होतो. वर्तमानपत्र वाचताना शब्दातले एखादे अक्षर गळाल्यासारखे होते, समोरच्या माणसाचा एक डोळा दिसत नाही. पुढच्या काही मिनिटांत त्या डागाच्या कडेला लखलखणारी, थरथरणारी नागमोडी रेघ उमटते. ही रेघ कोनाकोनांची असते, तिचा आकार अर्धवट उघड्या कड्यासारखा असतो, आणि ती हळूहळू मोठी होत नजरेच्या एका कडेकडे सरकत जाते. तिच्या मागे काही काळ काहीच न दिसणारा पट्टा राहतो. डोळे मिटले तरी ही रेघ जात नाही, आणि एक डोळा हाताने झाकून पाहिल्यास ती दुसऱ्या डोळ्यानेही दिसते, कारण ती डोळ्यात नसतेच. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत, बहुतेकदा वीस ते तीस मिनिटांत, हा खेळ संपतो आणि मग डोके दुखू लागते. काहींना, विशेषतः उतारवयात, ऑरा येतो आणि डोके मुळीच दुखत नाही.

या रेघेला युरोपीय वैद्यकाने किल्ल्याच्या तटबंदीचे नाव दिले. ह्यूबर्ट एअरी या इंग्लिश डॉक्टराने १८७० मध्ये स्वतःला दिसलेल्या ऑराची चित्रे प्रसिद्ध केली आणि तट व दृष्टी या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याला ‘टायकॉप्सिया’ असे नाव दिले. त्याचे वडील, इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी, यांनाही हाच त्रास होता. युरोपातील तारकाकृती किल्ला आकाशातून जसा कोनाकोनांचा दिसेल, तशी ती आकृती ह्यूबर्टला वाटली. पन्हाळ्याचा तट डोंगराच्या कडेने वळत जाणारा आहे, त्यामुळे कोल्हापूरच्या वाचकाला ही उपमा पूर्ण तटापेक्षा तटावरच्या चर्यांच्या दातेरी रांगेवरून अधिक पटेल.

रेघ सरकते हीच गोष्ट तिचा उगम उघड करणारी ठरली. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराचे नकाशे कागदावर काढले आणि १९४१ मध्ये असा हिशोब मांडला की मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या मंद गतीने पसरत असले पाहिजे. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, आरिस्तिदेस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना जवळपास त्याच गतीने पसरणारी एक लाट नोंदवली. या लाटेच्या पुढच्या कडेला पेशी क्षणभर अतिशय उत्तेजित होतात आणि मागे काही मिनिटे निपचित पडतात. लखलखती रेघ म्हणजे ती उत्तेजित कड आणि तिच्या मागचा आंधळा पट्टा म्हणजे निपचित झालेल्या पेशी. माणसाच्या मेंदूत ऑरा चालू असताना अशीच लाट सरकत असल्याची खूण २००१ मध्ये एमआरआय तपासणीत मिळाली.

येथे कारण आणि निमित्त यांतला भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण रुग्णांची बहुतेक फसगत या ठिकाणी होते. कारण म्हणजे मेंदूचा जन्मजात संवेदनशील स्वभाव, जो बव्हंशी आनुवंशिक असतो आणि म्हणूनच आई, मावशी, मुलगी अशा साखळीने एकाच घरात दिसतो. उपास, जागरण, ऊन, पाळी ही सारी निमित्ते आहेत. ती धडधाकट माणसावरही येतात, पण त्याच्या मेंदूत लाट उठत नाही. शिवाय एकटे निमित्त पुष्कळदा पुरेसे नसते. झोप कमी झाली, त्यात जेवण चुकले आणि त्यातच दुपारच्या उन्हात मोटारसायकलवरून जावे लागले, तर तिन्ही मिळून मेंदूची सहनमर्यादा ओलांडतात. उरलेल्या दिवशी यांतले एकेक सहज पचते. ‘परवा उन्हात हिंडलो तेव्हा काही झाले नाही, मग आजच का?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या बेरजेत आहे.

निमित्तांमध्ये मराठी घरांत सर्वांत ठळक म्हणजे उपवास. अंबाबाईच्या नवरात्रात कोणी उठता-बसता, कोणी नऊही दिवस उपवास धरते, आणि संकष्टी, एकादशी, सोमवार, मंगळवार हे वर्षभर चालूच असतात. ज्यूंच्या योम किप्पुर या दिवसभराच्या उपवासात इस्राएलमधील रुग्णालय कर्मचाऱ्यांची पाहणी करण्यात आली, तेव्हा उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांचे डोके दुखले आणि न करणाऱ्यांपैकी केवळ ७ टक्क्यांचे. ज्यांना मुळातच डोकेदुखीची सवय होती, त्यांना हा त्रास अधिक झाला. उपवासात अन्न चुकते, पाणी कमी पडते आणि पूजेसाठी पहाटे उठल्याने झोपही तुटते, म्हणजे एका दिवसात तीन निमित्ते गोळा होतात. रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्याने त्या दिवशी तोही सोडला, तर कॅफीन अचानक बंद होणे हे चौथे निमित्त ठरते. व्रत सोडावे असा याचा अर्थ नव्हे. दर तीन-चार तासांनी फळ, दूध किंवा वरीचा भात घेऊन आणि पाणी भरपूर पिऊनही ते पाळता येते. ऑरा येणाऱ्याने मात्र निर्जळी उपवास धरू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

झोपेचा नियम तितकाच कडक आहे आणि तो पाळणे या जिल्ह्यातल्या कष्टकऱ्याला सर्वांत अवघड आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला असली की ऊसकऱ्याला मध्यरात्री उसाला पाणी दाखवायला जावे लागते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीच्या कामगाराची पाळी आठवड्याला बदलते. जागरणाने जसा त्रास होतो तसा सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपल्यानेही होतो, कारण या मेंदूला कमी-जास्तपणापेक्षा बदल सोसत नाही. ताणाचेही तसेच आहे. ताणामुळे डोके दुखते हे सर्वज्ञात आहे, परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ताण उतरू लागल्यानंतरच्या काही तासांत अर्धशिशी उठण्याचा संभव विशेष वाढलेला आढळला. लग्नघरातली पाहुण्यांची वर्दळ संपल्यावर, किंवा परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी, आता सारे निवांत झाले असे वाटत असतानाच डोळ्यांपुढे रेघ उमटते ती यामुळे.

प्रकाश हे निमित्त दृष्टीच्या ऑराला जवळचे आहे, कारण ज्या केंद्रात लाट उठते त्याच केंद्रावर त्याचा मारा होतो. निव्वळ प्रखरतेपेक्षा लुकलुकणारा आणि पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश अधिक जाचक ठरतो. उतरत्या उन्हात रांगेने झाडे असलेल्या रस्त्यावरून दुचाकी चालवताना ऊन-सावलीचे पट्टे डोळ्यांवर भराभर पडतात. इचलकरंजीत यंत्रमागावर सरकणाऱ्या ताण्याच्या बारीक समांतर रेषांकडे विणकर तासन्‌तास पाहत असतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील लेझरच्या झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातून आल्या आणि प्रशासनाने बंदीचे आदेशही काढले. ती इजा डोळ्याची असते आणि ऑरा मेंदूचा, हे दोन्ही वेगळे आहेत. पण उघडझाप करणारे झोत आणि कानठळ्या बसवणारा आवाज अर्धशिशीच्या रुग्णासाठी वेगळ्या रीतीने अपायकारक आहेत, आणि त्याने त्या गर्दीपासून दूर राहावे हे बरे.

तरीही निमित्ताचे सामर्थ्य फुगवून सांगणे योग्य नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रखर प्रकाश किंवा जोरदार व्यायाम यांमुळे आपल्याला ऑरा येतो असे ठामपणे सांगणाऱ्या २७ रुग्णांना मुद्दाम त्याच गोष्टींना सामोरे जायला लावले, आणि त्यांपैकी केवळ ३ जणांना ऑरासह अर्धशिशी झाली. रुग्ण खोटे बोलत नव्हते. पण अर्धशिशीची चाहूल प्रत्यक्ष दुखण्याच्या कित्येक तास आधी लागते, आणि त्या काळात जांभया येतात, गोड खावेसे वाटते, उजेड बोचू लागतो. ज्याला उजेड बोचला त्याला वाटते उजेडानेच डोके धरले, आणि ज्याने गोड खाल्ले तो गोडाला दोष देतो. चॉकलेटबाबत १९९७ मध्ये अमेरिकेत ६३ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात चॉकलेट आणि तशाच चवीचा दुसरा पदार्थ यांत काहीच फरक आढळला नाही. कोल्हापुरात हा दोष तांबड्या रश्श्याच्या माथी मारला जातो. एखाद्याला तो बाधत असेलही, पण रात्री उशिराचे जेवण आणि त्यानंतरचे जागरण यांचा वाटा तपासल्याशिवाय ताटातली वाटी उचलून ठेवणे म्हणजे चुकीच्या आरोपीला शिक्षा करणे होय.

भारतीय जीवनातले एक निमित्त पाश्चात्त्य पुस्तकांत सहसा नसे, आणि ते नोंदवण्याचे श्रेय मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांना जाते. डोक्यावरून न्हाल्याने अर्धशिशी उठते, असे सांगणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे त्यांनी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. लांब केस, ओल्याच केसांचा आवळून घातलेला अंबाडा, हे येथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या होत्या आणि त्यांना कोणी गंभीरपणे घेत नव्हते. ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी उपाशीपोटी न्हाऊ नये, आणि केस मोकळे ठेवून लवकर वाळवावेत.

आपले निमित्त कोणते, हे शोधण्यासाठी नोंदीइतके चांगले साधन नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे लिहिले जातात, त्याच चौकटीत डोके दुखल्याची खूण, ऑरा आल्यास ‘रेघ’ हा शब्द, पाळीची तारीख, आदल्या रात्रीची झोप आणि घेतलेली गोळी एवढे तीन महिने लिहिले, तर डॉक्टरांना त्यातून खूप काही कळते. गोळीची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण महिन्यात दहा-पंधरा दिवस वेदनाशामके घेतली गेल्यास ती स्वतःच रोजच्या डोकेदुखीचे मूळ बनतात. नजरेपुढचा अंधार हळूहळू न पसरता एकाएकी आला, तो एकाच डोळ्यात असला, हातापायात दुबळेपणा किंवा बोलण्यात अडखळ आली, अथवा चाळिशीनंतर असा प्रकार प्रथमच घडला, तर मात्र नोंद करत बसू नये. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासारख्या ठिकाणी तत्काळ पोहोचले पाहिजे.

ऑरा येणाऱ्या स्त्रीसाठी आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. अशा व्यक्तींमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन येणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात तो मुळात फार लहान असला तरी धूम्रपान आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे तो वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीला, तिचे वय काहीही असो, या मिश्र गोळ्या देऊ नयेत. सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी माला-एन ही याच प्रकारची गोळी आहे. तांबी किंवा इस्ट्रोजेन नसलेली अन्य साधने त्याच केंद्रांत उपलब्ध असतात. पण गोळीचे पाकीट हाती देणाऱ्या आशाताईने किंवा परिचारिकेने डोकेदुखीबद्दल विचारले आणि समोरून ‘पित्ताचा त्रास आहे’ एवढेच उत्तर आले, तर हा धोका कोणाच्याच लक्षात येणार नाही. त्यामुळे डोळ्यांपुढे सरकणारी ती रेघ कधी एकदा जरी दिसली असेल, तरी गोळी घेण्यापूर्वी ते सांगावे.