एक तास उघड्या डोक्याचा

पहाटे पाच

बाबांनी दुकानाचं शटर वर सारलं की लेकरू जागं होतं. सोमवार आहे. घृष्णेश्वराच्या दर्शनाची रांग लवकर लागते, त्याआधी बेलाच्या पुड्या बांधून व्हाव्या लागतात. पाळण्यातून आधी हेल्मेट कडेला घासल्याचा आवाज येतो, मग रडणं.

24 तासांतले 23 तास ते डोक्यावर हवं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. झोपेतसुद्धा. उरलेला एक तास आंघोळीचा. मी वेरूळला माहेरी आल्यापासून घरातलं सगळं राजकारण या एका तासाभोवती फिरतंय.

सात

दूध पिऊन झालं की मी त्याला मांडीवर बसवते आणि वरून डोक्याकडे बघते. म्हणजे हेल्मेटकडेच. आत काय आहे ते मला पाठ आहे: मागची उजवी बाजू चपटी, उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलेला, उजवीकडचं कपाळही जरा पुढे. जन्मतः त्याच्या मानेचा डावा स्नायू आखडलेला होता, त्यामुळे तो सारखा उजवीकडेच बघायचा, झोपायचाही त्याच अंगावर डोकं टाकून. आम्हाला वाटायचं, खिडकी त्या बाजूला आहे म्हणून बघतो. बाळाची कवटी या वयात मऊ असते आणि डोकं झपाट्यानं वाढतं. एका जागी सतत भार आला की वाढ तिथून हटून दुसरीकडे जाते.

डॉक्टरांनी पहिल्यांदा कानच पाहिले होते. चपट्या बाजूचा कान पुढे गेला असेल तर बहुधा हा झोपण्याच्या सवयीचा परिणाम. तो मागे ओढल्यासारखा दिसला, तर कवटीचा सांधा वेळेआधी जुळला असण्याची शंका घेतात, आणि तसं निघालं तर तिथं हेल्मेट पुरत नाही, शस्त्रक्रिया लागते. आपला सवयीचाच परिणाम आहे, ही बातमी मिळाल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते, आनंदानं.

दहा

गर्दी जरा ओसरली की आई दुकान बाबांवर सोपवून येते. मालिशवाल्या काकू आधीच पाय पसरून बसलेल्या असतात. त्यांनी या गल्लीतली निम्मी डोकी गोल केलीत, असं त्या स्वतः सांगतात. माझंही त्यांत आहे. हेल्मेट काढलं की लेकराचे केस घामानं चिकटलेले दिसतात, आणि एक आंबूस वास येतो.

"आवं, या शिप्तराखाली डोकं कसं गोल व्हावं?" काकू म्हणतात. "दोन महिने माझ्या हातात दिलं असतं तर दाबून गरगरीत केलं असतं."

दाबायचं नाही, हे मी रोज सांगते. टाळू भरायची नाही, हेही. तेल आतल्या फोमला लागलं तर तो खराब होतो आणि कातडीवर पुरळ उठतं. अंगाला हवं तेवढं तेल लावा, पायावर घेऊन न्हाऊ घाला. डोक्याला फक्त साधा बाळाचा साबण, आणि नंतर केस पूर्ण कोरडे. धुरी तर नाहीच. काकू ऐकतात. ऐकताना त्यांचा अंगठा टाळूकडे सरकतो, मी "काकू!" म्हणते, तो पुन्हा खांद्यावर येतो. आई या खेळात कोणाच्या बाजूची ते मला अजून कळलेलं नाही.

तोवर मी हेल्मेट आतून ओल्या फडक्यानं आणि स्पिरिटनं पुसून सावलीत वाळवते. उन्हात ठेवलं तर प्लास्टिक वाकडं होण्याची भीती. मार्च संपतोय, इथलं ऊन तुळशीपर्यंत आलंय. मग डोक्यावर लाल डाग शोधायचे. हेल्मेट काढल्यावर तासाभरात विरले तर ठीक. राहिले तर डॉक्टरांना फोटो पाठवायचा. आज कानामागे एक होता, कपडे घालेपर्यंत गेला.

अकराला मी घड्याळाकडे बघते. आई म्हणते, "केस ओले हायत अजून." केस कोरडे असतात.

बारा

आशाताई आल्या. सहा महिन्यांच्या बाळाकडे त्यांची गृहभेट असते, आणि पाहुणं लेकरूही त्या सोडत नाहीत. वजन विचारलं, वरचं खाणं सुरू केलं का विचारलं, मग हेल्मेट दोन्ही हातांनी चाचपलं. खालच्या आळीत एक दोन महिन्यांचं बाळ आहे, त्याचंही डोकं मागून चपटं झालंय, आणि आजीनं मोहरीची उशी शिवलीय. त्याला हे आणायला सांगू का, असं त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं. दोन महिन्यांच्या बाळाला बहुतेक वेळा दिवसातल्या सवयी बदलूनच भागतं: जागेपणी पोटावर झोपवायचं, पाळण्यातली डोक्याची दिशा बदलायची, चपट्या नसलेल्या बाजूनं हाका मारायच्या, कडेवर घेताना बाजू पालटायची. मान एकीकडेच वळत असेल तर मात्र लवकर दाखवायचं. जिल्हा पातळीवर बालस्वास्थ्य कार्यक्रमाची केंद्रं आहेतच, हे आशाताईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उशी मात्र काढायला सांगा, म्हटलं. डोकं गोल करणाऱ्या उशांपासून श्वास कोंडण्याचा धोका आहे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर 2022 मध्ये दिला होता.

"मग उताणं झोपवू नका म्हणू का?" त्यांनी विचारलं. तेही नाही. तान्ह्या बाळांना उताणं झोपवा, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी 1992 मध्ये सांगायला सुरुवात केली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथं निम्म्याहून खाली आली. चपटी डोकी वाढली ती त्यानंतर. हा सौदा कोणत्याही आईनं डोळे मिटून करावा.

दोन

कूलर लावला, तरी घाम. ताप आला तर हेल्मेट काढायचं असतं, म्हणून मी पाठीला पुन्हा पुन्हा हात लावून बघते.

लेकरू झोपलंय आणि मी पुन्हा तोच अभ्यास उघडून बसलेय. नेदरलँड्समध्ये 84 बाळांवर झालेला, 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलेला. निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काही नाही. दोन वर्षांची झाल्यावर मोजली, तर पूर्ण बरी झालेली हेल्मेटवाल्यांत 26 टक्के, बाकीच्यांत 23. म्हणजे फरक जवळपास नाहीच. नवऱ्यानं हे वाचून विचारलं होतं, मग आपण हा खटाटोप का करतोय? माझं उत्तर असं की त्या अभ्यासात मान आखडलेली बाळं घेतली नव्हती, फार जास्त वाकडी डोकीही नव्हती; आपलं दोन्ही आहे. उत्तर बरोबर आहे. तरी आपल्याला हवं ते वाचायची सवय माणसाला असते, एवढं मी स्वतःशी कबूल करते.

किंमत मी आईला अर्धीच सांगितलीय. अर्ध्यावरही ती दोन दिवस बोलली नव्हती.

साडेचार

दुकानात जरा वेळ बसते, लेकरू मांडीवर. येणारा प्रत्येकजण विचारतो. "पडलं का?" "ऑपरेशन झालं?" शाळेतून परतणारी पोरं लांबूनच "ओपनिंगला कोण?" म्हणून ओरडतात. एका आजोबांनी दर्शनाहून येताना, खांद्यावर अजून सदरा टाकलेला, गंभीरपणे सांगितलं की गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढावा लागतो, याचं शिरस्त्राणही काढावं लागेल. मी म्हटलं, याचा देवदर्शनाचा मुहूर्त दहा ते अकरा.

सहा

गोधडीवर पोटावर झोपवलं. खुळखुळा नेहमी डावीकडे. बाबा दुकान भावावर सोपवून येतात, गोधडीच्या डाव्या कडेला आडवे होतात आणि त्याच्याशी बोलत राहतात. मान वळवायला याहून चांगलं औषध नाही. स्नायू ताणायचे व्यायाम मी करते तेव्हा तो बोंबलतो; बाबांसाठी तीच मान हसत वळते.

बाबांना हेल्मेटचं काम एकदा समजावलं होतं: फुगलेल्या बाजूला ते नुसतं टेकतं, चपट्या बाजूला आत मोकळी जागा ठेवलेली असते, वाढतं डोकं त्या जागेत भरत जातं. ते म्हणाले, "कैलासात नको तो दगड काढला. इथं हवी ती जागा सोडली." लेण्यांत आयुष्यभर पर्यटक फिरवणाऱ्या मित्रांच्या संगतीत राहून बाबांना प्रत्येक गोष्टीत कैलास दिसतो. पण हे मी पुण्यात डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं.

रात्री दहा

दूध पाजताना हेल्मेटची कड छातीला रुतते. त्याच डच अभ्यासात 77 टक्के आईबापांनी म्हटलं होतं की बाळाला कुशीत घेताना अडचण होते. बाकीच्या आकड्यांवर वाद घालता येईल, यावर नाही. मी दोघांच्या मध्ये मऊ फडकं घालते. तो ते ओढून काढतो.

येत्या आठवड्यात पुण्याला जायचं आहे. डोकं मोजतील, आतला फोम थोडा तासून जागा वाढवतील. आईला सोबत यायचंय; काकूंनाही न्यावं, असं तिनं जेवताना हळूच सुचवलं.

उद्या मंगळवार. लेणी बंद, म्हणून गिऱ्हाईक कमी. आईनं आंघोळ साडेनऊलाच ठरवलीय. म्हणजे साडेदहाला हेल्मेट, मी म्हटलं. "बघू की," ती म्हणाली आणि तेलाची बाटली कपाटात पुढे काढून ठेवली.