ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा

मागच्या ब्रेकची नळी बदलून आणल्याला दोनच दिवस झाले होते. छावणीत बाजाराचा दिवस होता. नगर नाक्याकडून येताना एक शेळी आडवी आली. मी पायडल दाबलं, तर ते उशीवर पाय पडावा तसं खाली गेलं आणि गाडी आपली पुढेच. पुढचा ब्रेक होता म्हणून निभावलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने पायडल हातानेच दाबून पाहिलं आणि म्हणाला, "सर, एअर पकडलीय. हवेतून प्रेशर पुढे जात नाही."

निदान बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं. खरं सांगायचं तर वर्गात मीही हे वाक्य अनेकदा सांगितलं आहे. तेवढ्यात शेजारून एक एसटी 'फुस्स' करून थांबली आणि मला माझीच लाज वाटली. एसटीचे ब्रेक तर हवेवरच चालतात! दहा-बारा टनांची गाडी हवेच्या दाबाने थांबते, मग मोटारसायकलच्या नळीत चिमूटभर हवा का चालू नये?

पास्कलचा नियम द्रवांना लागू आहे तसा वायूंनाही आहे. बुडबुड्याच्या एका बाजूला जो दाब, तोच दुसऱ्या बाजूलाही. हवा दाब अडवत नाही. ती जागा खाते, आणि ही जागा कोणाच्या खर्चाने भरायची हा खरा प्रश्न आहे.

थोडं गणित करू या. पायडलच्या मागे एक छोटा सिलिंडर असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्याच्या दट्ट्याचा व्यास साधारण १२.७ मिलिमीटर धरू, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौ. सें. मी. झालं. दट्ट्या जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे एका दाबात फार तर सव्वा घनसेंटिमीटर तेल पुढे जातं. ब्रेकची सगळी पुंजी एवढीच! पायाचा जोर २० किलो आणि तरफेचा फायदा चौपट धरला तर दट्ट्यावर ८० किलो भार येतो, म्हणजे दर चौ. सें. मी.ला सुमारे ६३ किलो. या दाबाखाली ब्रेक ऑइल हजारात तीन-चार भागच आकसतं. हवा मात्र बॉईलच्या नियमाने मूळ आकारमानाच्या चौसष्टाव्या हिश्शावर येते. नळीत अर्धा घनसेंटिमीटर हवा असेल तर ती चेपण्यातच दट्ट्याचे ४ मिलिमीटर खर्च होतात आणि पायडल १६ मिलिमीटर जास्त खाली जातं. हवा १ घनसेंटिमीटर असेल तर दट्ट्याचे ८ मिलिमीटर तिच्यातच संपतात. चकतीला पॅड घट्ट चिकटण्याआधीच पायडल तळाला लागतं.

एसटीत हे संकट नाही, कारण तिथे इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा आधीच दाबून टाकीत भरून ठेवतो. ड्रायव्हरचा पाय हवा दाबत नाही, फक्त झडप उघडतो.

वर्गात हे दाखवायला सुई नसलेल्या दोन सिरिंज आणि वीतभर सलाईनची नळी पुरते. एक सिरिंज मोठी, एक लहान घ्या. पाण्याखाली धरून सगळं भरा आणि लहान दट्ट्या दाबा. मोठा लगेच हलतो. आता नळीत एक बुडबुडा सोडा, मोठ्या दट्ट्यावर बोट घट्ट दाबून धरा आणि लहान दट्ट्या पुन्हा दाबा. बुडबुडा आकसताना दिसतो. पण दाबत राहिलं की मोठ्या दट्ट्याखालच्या बोटाला जोर जाणवतोच. "हवेतून दाब जात नाही" हे वाक्य मुलं स्वतःच खोडतात.

मग ही हवा आपोआप वर का येत नाही? तेलाची टाकी तर पायडलजवळ वरच असते. मागच्या ब्रेकची नळी मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकाकडे जाताना कुठेकुठे कमान करते. कमानीच्या माथ्यावर बसलेल्या बुडबुड्याला दोन्ही बाजूंना उतारच असतो. आमच्या गावाला हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली. अशा नहरींच्या खापरी नळांच्या वाटेवर विटाचुन्याचे उंच खांब उभारलेले होते. पाण्याचा दाब आणि वाटप सांभाळता सांभाळता नळात कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट देणं हेही त्यांचं काम. मोटारसायकलवर हे काम कॅलिपरच्या माथ्यावरचं एक पोकळ निपल करतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या वाटीत बुडवतात. एकाने पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करायचं. तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळल्यानंतरच पायडल सोडायचं. हा क्रम चुकला तर परतणारा दट्ट्या हवा पुन्हा आत ओढतो. टाकी रिकामी होऊ दिली तरी तेच. ब्रेक ऑइल रंग खातं आणि कातडीला, डोळ्यांना वाईट, हेही मुलांना सांगून ठेवा.

मऊ पायडल म्हणजे हवाच असं मात्र नाही. भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर पायडल कडक झालं तर बहुधा हवा असते. दाबून धरलं असता हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा आतलं रबर झिजलं आहे. तिसरी शक्यता फसवी आहे. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ४ जातीचं कोरडं तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. ओलसर झाल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. कन्नडचा घाट पायडलवर पाय ठेवून उतरला तर कॅलिपर तापतो, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेक जातो. गाडी थंड झाली की बुडबुडे नाहीसे, मेकॅनिकला काहीच सापडत नाही. तेल दर दोन वर्षांनी बदला म्हणतात ते यासाठी.

माझ्या गाडीत मात्र साधी हवाच होती. नवी नळी क्लिपमध्ये न बसवल्यामुळे मध्येच उंच कमान झाली होती. तिची पोकळी ३ मिलिमीटर धरली तर एका दाबाला तेल फार तर १८ सेंटिमीटर सरकतं, पायडल सोडेपर्यंत बुडबुडा मागे चढून पुन्हा माथ्यावर. मेकॅनिकने नळी जागेवर बसवली, कॅलिपर सोडवून पॅडमध्ये लाकडाची चकती अडकवली, कॅलिपर टांगून उंच धरला आणि नळीवर पान्याने टकटक केली. वाटीत बुडबुडे आले. सगळे मिळून काबुली हरभऱ्याएवढे असतील.