देशी झाडे : परिसराची खरी ठेव

परिसर हिरवा दिसला की निसर्ग सुखरूप आहे, असे आपण गृहीत धरतो. दिल्लीचा अनुभव मात्र वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश राजवटीने येथील ‘रिज’ टेकड्यांवर परदेशी वेडी बाभूळ लावली. टेकड्या हिरव्या झाल्या. परंतु या काटेरी झाडाच्या दाटीत स्थानिक वनस्पती मागे पडल्या आणि त्यांवर जगणाऱ्या कीटक-पक्ष्यांचा आधारही तुटला.

याचे कारण कीटकांच्या जीवनक्रमात आहे. फुलपाखरू अनेक फुलांतील मध घेते; त्याच्या अळीला मात्र बहुधा ठरावीक वनस्पतींचीच पाने लागतात. रुईच्या पानांवर एका जातीच्या अळ्या वाढतात, तर कढीपत्त्यावर दुसऱ्या. ते झाड नाहीसे झाले की फुलपाखराची पुढची पिढीही संपते. भोपळा, दोडका, मोहरी यांची फलधारणा मधमाश्यांसारख्या कीटकांवर अवलंबून असल्याने हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत पोहोचतो.

झालेली हानी भरून काढता येते, हे गुरुग्रामने दाखवून दिले आहे. खाणकामाने उजाड झालेल्या सुमारे ३८० एकर जमिनीवर २०१० पासून नागरिक व महापालिका यांच्या सहकार्याने अरवली जैवविविधता उद्यान आकारास आले. अरवलीतील स्थानिक वृक्षांचे बी गोळा करून रोपे तयार करण्यात आली. आज तेथे धोक, सालई, पळस यांसारखे वृक्ष उभे आहेत. २०२२ मध्ये, अभयारण्य नसूनही निसर्गसंवर्धन साधणाऱ्या क्षेत्रांसाठी असलेला आंतरराष्ट्रीय दर्जा भारतात सर्वप्रथम या उद्यानास मिळाला.

सदनिकेच्या सज्जातही याचे अनुकरण शक्य आहे. कुंडीत कढीपत्ता आणि तुळस लावावी. तुळशीच्या सर्व मंजिऱ्या खुडू नयेत, कारण मधमाश्या त्यांवर येतात. अंगण असल्यास अडुळसा, रुई आणि पुरेशी जागा असल्यास पळस लावावा. अनेक देशी मधमाश्या जमिनीत बिळे करून राहतात. म्हणून सर्व अंगणात फरशी न घालता थोडी माती उघडी ठेवावी. कीटकनाशके टाळावीत आणि कुरतडलेली पाने पाहून चिंता करू नये. तेथे अळी वाढत असते. लागवड पावसाळ्याच्या प्रारंभी करावी. एकदा मुळे धरली की अशा झाडांना पाणीही बेताचेच लागते.

मुद्दल सुरक्षित असेल तरच व्याज मिळते, हे बँकेच्या ग्राहकांना सांगणे नलगे. देशी झाडे ही परिसराची मुद्दल होय.