चाल आणि बोल

चाकू हातात आला की आधी धार बघायची, असं आपल्याला वाटतं. जुन्या घडीच्या चाकूंचा शौकीन तसं करत नाही. तो पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवतो, पातं सावकाश ओढतो, काटकोनात ते अडखळलं की थांबतो आणि पुन्हा ओढतो. पातं पुरतं उघडतं तेव्हा 'टक्' असा आवाज येतो. मिटतानाही तसाच. हे तो पाच-सहा वेळा करतो, एकदा कानाशी नेऊन करतो, आणि मग काही न बोलता चाकू शेजारच्याच्या हातात देतो. शेजारचाही पहिल्यापासून तेच करतो.

इंग्लंड-अमेरिकेतल्या या मंडळींनी ह्या परीक्षेसाठी जे दोन शब्द रूढ केलेत, त्यांचं सरळ मराठी 'चाल आणि बोल' असं होतं. चाल म्हणजे पात्याची गती, बोल म्हणजे तो 'टक्'. आपल्याकडे हे दोन्ही शब्द गाण्या-वाजवण्यातले. त्या शौकिनांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तबल्यावर थाप मारून तो लागलाय की नाही हे बघणाऱ्या माणसाला त्यांचा चेहरा ओळखीचा वाटेल.

यंत्र म्हणून पाहिलं तर हा प्रकार अगदी साधा आहे. एक पातं, त्याच्या पाठीशी पोलादाची एक लवचीक पट्टी, दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे, वरून मुठीच्या फळ्या, आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या तीन-चार खिळ्या. कळ नाही, कुलूप नाही, एकही स्क्रू नाही. पात्याचा बुंधा चौकोनी घासलेला असतो. त्याची सपाट बाजू पट्टीवर बसली की पातं जागच्या जागी राहतं. जोर लावला की कोपरा पट्टीला उचलतो आणि पातं फिरतं. खरी परीक्षा इथे असते. पातं मिटलेलं, अर्धं उघडलेलं आणि पूर्ण उघडलेलं, अशा तिन्ही वेळी पाठीवरून बोट फिरवलं तर पट्टी कुठेही वर-खाली लागता कामा नये. केसभर चूक झाली तरी बोटाला कळतं. चाकू उजेडाकडे धरला तर पट्टी आणि पत्र्यांमधून प्रकाशाची रेघही दिसू नये. पट्टी फार ताठ असेल तर नख तुटतं, फार सैल असेल तर पातं बोटावर मिटतं. शौकीन या ताकदीला दहापैकी गुण देतात. बहुतेकांचा कल पाच-सहाकडे असतो. आठ-नऊ गुणांचा चाकू कौतुकाने दाखवतात आणि खिशात दुसराच ठेवतात.

हे काम ज्या गावाने शतकानुशतकं केलं ते उत्तर इंग्लंडमधलं शेफील्ड. चौदाव्या शतकात चॉसरने एका गोष्टीतल्या गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचाच चाकू खोचलेला दाखवला आहे. म्हणजे गावाचं नाव तेव्हाच झालेलं होतं. डोंगरातून उतरणाऱ्या लहान-लहान नद्या, त्यांवर फिरणारी पाणचक्की, आणि धार लावायच्या चाकांना लागणारा खरखरीत वालुकाश्म जवळच. १६२४ साली तिथल्या कारागिरांचा संघ संसदेच्या कायद्याने स्थापन झाला आणि प्रत्येकाचा शिक्का नोंदवायची पद्धत पक्की झाली. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवायची रीत काढली. त्याला चाकू करायचे नव्हते, घड्याळासाठी चांगली स्प्रिंग हवी होती. चाकूच्या पाठीतली पट्टीही स्प्रिंगच, त्यामुळे हे पोलाद योग्य दारी पोचलं असं म्हणायला हरकत नाही.

शेफील्डचा चाकू कुणा एकाचा नसे. एक जण पातं ठोकून पोलादाला पाणी देई, दुसरा घासून धार लावी, तिसरा सगळं जुळवून मूठ बसवी. यातले पुष्कळसे स्वतंत्र कारागीर. भाड्याच्या खोलीत एक बाक, एक शेगडी, हाताखाली एखादं पोर. तिथल्या बोलीत त्यांना 'लिटल मेस्टर', म्हणजे छोटे उस्ताद म्हणत. ही गोष्ट रम्य करून सांगायचा मोह होतो, पण धार लावणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ साठे आणि ते तरुणपणीच खोकून मरत. संग्राहकांच्या बैठकीत हे फारसं निघत नाही. निघायला हवं.

या कथेत मुंबईही एकदा डोकावते. १७९४ साली हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने मुंबईहून 'वूट्झ' या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी त्यावर निबंध वाचला गेला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा चाकूवाला त्या पोलादाच्या इतका प्रेमात पडला, की युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपण हेच पसंत करतो असं त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावर छापलं. पुढे त्याच्याच जोडीने मायकेल फॅरेडेने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले.

लहान चाकूला इंग्रजीत 'पेननाइफ' म्हणतात, ते पिसाची लेखणी तासायला तो लागे म्हणून. आपल्याकडच्या कारकुनाला बोरू तासायला तसाच चाकू लागे. लेखणी बदलली तरी चाकूचं नाव राहिलं.

मुठीपाशी तर हिंदुस्थान ठळक दिसतो. शेफील्ड आणि पुढे अमेरिका, दोन्हीकडे सर्वांत मानाची मूठ सांबरशिंगाची. सह्याद्रीत, ताडोबात फिरणारं तेच आपलं सांबर. त्याची शिंगं दरवर्षी गळतात, आणि ती आतून भरीव असल्याने कापून, घासून मुठीला बसवता येतात. टनावारी शिंग इथून बाहेर जात होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली आणि तिकडच्या बाजारात सांबरमुठीच्या चाकूंचे भाव चढले. बंदी योग्यच होती. चांगल्या वस्तूची हौस असलेल्या माणसाने एवढी कळ सोसायला हरकत नाही. नाहीतरी शिंग महाग म्हणून गुराच्या नळीच्या हाडावर खोबणी कोरून, रंग देऊन शिंगाचा आभास करायची युक्ती फार जुनी आहे. आज त्या कोरलेल्या हाडाचेच स्वतंत्र भक्त आहेत, नक्कल म्हणून कुणी त्याला नाक मुरडत नाही.

मुठींमध्ये खलनायक एकच, सेल्युलॉइड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या रंगीत, लाटालाटांच्या मुठी निघाल्या आणि त्या खरोखर देखण्या आहेत. पण हा सेल्युलोज नायट्रेट जुना झाला की आतून कुजतो, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी स्वतःच्याच पात्याला गंज चढवतो. त्याच गुंडाळीतले शेजारचे चाकूही सुटत नाहीत. आढीतला एक आंबा नासला की काय होतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जुन्या सिनेमांची रिळं याच द्रव्याची. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. म्हणून जाणता संग्राहक सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू वेगळा, उघड्या हवेत ठेवतो आणि दर महिन्याला बघतो.

अमेरिकेत घडीचा चाकू शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, शाळकरी पोराच्या खिशात शिरला. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला धर्मवचनं पाठ केल्याबद्दल 'बार्लो' चाकू मिळतो आणि तो हरखून जातो. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या खिशात दोन चष्मे, रुमाल, पाकीट, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि हस्तिदंती मुठीचा एक घडीचा चाकू होता. राष्ट्राध्यक्षाच्या खिशात चाकू असण्याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

तिथल्या संग्राहकांचा मोठा ओढा 'केस' या कंपनीकडे. १८८९ पासूनची ही परंपरा आज पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी आहे. यांच्या चाकूच्या अंगावरच त्याची कुंडली असते. ६२५४ हा आकडा घ्या. ६ म्हणजे कोरलेल्या हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा घाटाचा क्रमांक. आणि साल? १९७० मध्ये पात्याच्या बुंध्यावरच्या शिक्क्याखाली दहा ठिपके मारले, पुढच्या वर्षी नऊ, असं करत १९७९ मध्ये एकच उरला. भिंग लावून ठिपके मोजणारे पोक्त गृहस्थ पाहिले की हसू येतं. स्वतः एकदा मोजा, मग नाही येत.

हा छंद एकट्याने होत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिकिटं, नाणी एकट्याने जमतात. पुस्तकात चित्र बघितलं, जुळलं, ठेवलं. पट्टीची ताकद आणि 'टक्'चा आवाज मात्र चित्रात येत नाही. दहा चाकू हाताळलेल्याला एक कळतं, हजार हाताळलेल्याला वेगळंच, आणि तो हजारवाला शेजारी बसल्याशिवाय आपल्या हाताला शिकवण मिळत नाही. शिवाय बाजारात फसवणूक आहे. एका चाकूची मूठ, दुसऱ्याचं पातं, तिसऱ्याचा शिक्का असं जोडकाम सर्रास विकलं जातं. आवाज बरोबर असतो, पण खिळीभोवती ताज्या घासण्याच्या रेघा दिसतात. हे दुसऱ्याच्या डोळ्यांना आधी दिसतं, कारण पैसे त्याचे गेलेले नसतात.

म्हणून प्रदर्शनांत आणि घरगुती बैठकांत मेज मांडून चाकू फिरतात. पानाचं तबक फिरावं तसे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघताना मला नेहमी वाटतं, की काचेआड जाण्यापूर्वी ह्या वस्तूही अशाच हातोहाती फिरत असतील. या फिरण्याचे रिवाज आहेत. विचारल्याशिवाय दुसऱ्याचा चाकू उघडायचा नाही. पात्याला बोट लावायचं नाही, घामाचा डाग राहतो. कुणी उघडा चाकू हाती दिला तर उघडाच परत करायचा, नाहीतर अपशकुन. आणि चाकू भेट मिळाला तर देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं, म्हणजे तो 'विकत' घेतला असं होतं आणि मैत्री कापली जात नाही.

भांडणही ठरलेलं. एक पक्ष म्हणतो, चाकू वापरा. साध्या कर्बयुक्त पोलादाच्या पात्याने सफरचंद, कांदा कापला की त्यावर निळसर-करडी झाक चढते. लोखंडी विळीवर कैरी चिरल्यावर पातं काळवंडतं, तेच हे, फक्त तिकडे त्याची छायाचित्रं काढतात. दुसरा पक्ष म्हणतो, शंभर वर्षांत ज्याला कुणी धार लावली नाही त्याला आज तुम्ही का लावता? मी पहिल्या पक्षाचा, पण दुसऱ्या पक्षामुळेच जुने चाकू बघायला मिळतात हेही खरं. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्स कंपनीने ७५ पाती आणि अवजारांचा जो अवाढव्य नॉरफोक चाकू केला, तो मात्र मला कधीच आवडला नाही. तो कुठल्याच खिशात मावत नाही.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो, आणि तोही सिनेमातल्या गुंडाच्या हातातला. रामपूरच्या कारागिरीला या बदनामीने आणि नंतरच्या निर्बंधांनी खाल्लं. २०२३ साली त्या गावाने एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला, तो तरी उशिरा का होईना, कारागिरांचा मान म्हणून.

ब्रिटनमध्ये कुलूप नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो. कायदा अनुकूल आहे, माणसं उरली नाहीत. स्टॅन शॉ वयाच्या चौदाव्या वर्षी शेफील्डच्या एका कारखान्यात शिरले आणि आयुष्यभर चाकूच करत राहिले. त्यांच्याकडे मागणी नोंदवली की वर्षानुवर्षं थांबावं लागे. २०२१ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना ते गेले. घडीचे चाकू बनवणं हे काम आता ब्रिटनमधल्या धोक्यात आलेल्या कारागिरींच्या यादीत आहे.

तुमच्या घरातल्या जुन्या पेटीत असा चाकू निघाला तर त्याला ब्रासो लावू नका, पॉलिश पेपर तर नकोच, आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे मुळीच देऊ नका. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पातं हलक्या हाताने उघडा. बुंध्याशी भिंग धरा. इंग्रजीत नुसतं 'शेफील्ड' असेल तर तो बहुधा जुना. 'इंग्लंड' हा शब्दही असेल तर बहुधा १८९१ नंतरचा, कारण मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती अमेरिकेच्या कायद्याने तेव्हा केली. आणि एक तारा व त्याशेजारी माल्टीज क्रॉस दिसला, तर तो रॉजर्सचा.