विमा असूनही ‘विनाविमा’ ठरलेले वाहन : आरोपाचा प्रतिवाद कसा करावा?

वाहनाचा विमा वेळच्या वेळी उतरविणारा ग्राहक सहसा निश्चिंत असतो. परंतु एखाद्या दिवशी भ्रमणध्वनीवर ई-चलान येते, किंवा नाक्यावर वाहतूक पोलीस यंत्रात वाहनक्रमांक टाकून ‘विमा दिसत नाही’ असे सांगतात. अशा वेळी काही जण रस्त्यावरच हुज्जत घालतात, तर काही जण कटकट नको म्हणून दंड भरून मोकळे होतात. दोन्ही मार्ग ग्राहकाच्या हिताचे नाहीत. विमा होता की नव्हता हे वादाने ठरत नाही. ते कागदाने, तारखेने आणि वेळेने ठरते. तो कागद योग्य ठिकाणी, योग्य मुदतीत सादर करणे हाच खरा प्रतिवाद होय.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनास तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा अनिवार्य आहे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्या कोणास इजा झाली वा मृत्यू आला, तर त्यास भरपाई मिळावी हा त्यामागील हेतू आहे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. अनिवार्य विमा नसताना वाहन चालविल्यास अथवा दुसऱ्यास चालवू दिल्यास कलम १९६ लागू होते. १ सप्टेंबर २०१९ पासून या अपराधास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा अपराध घडल्यास दंड ४,००० रुपये होतो. नको असलेला दंड निमूटपणे भरू नये, याचे एक कारण येथेच आहे : पहिली नोंद झाली की दुसरी अधिक महाग पडते.

विमा नसणे आणि विमा प्रमाणपत्र जवळ नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गणवेशातील अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास प्रमाणपत्र दाखविणे चालकाचे कर्तव्य आहेच. तथापि त्या क्षणी ते दाखविता आले नाही, तर कलम १५८ ने सात दिवसांची सवलत दिली आहे. चालकाने स्वतः सांगितलेल्या पोलीस ठाण्यात या मुदतीत प्रमाणपत्र सादर केल्यास, केवळ ते तेव्हा दाखविले नाही एवढ्यावरून त्यास दोषी ठरविता येत नाही. व्यावसायिक परिवहन वाहनांच्या चालकांना मात्र ही सवलत सरसकट मिळत नाही. कागदपत्रे डिजिलॉकर अथवा एम-परिवहन या अधिकृत माध्यमांतून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविण्यासही केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार मान्यता आहे.

पगारी चालकालाही कायद्याने संरक्षण दिले आहे. वाहनाचा विमा नाही हे त्यास ठाऊक नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर कलम १४६ च्या भंगाचा दोष त्याच्यावर येत नाही. मालकाची जबाबदारी मात्र कायम राहते.

विमा असूनही आरोप का होतो?

पोलिसांच्या यंत्रावर दिसणारी माहिती ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदणी-प्रणालीतून येते. विमा कंपनीकडून ती चुकीची किंवा उशिरा पोहोचली, तर विमा असूनही दिसत नाही. वाहनक्रमांकातील इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल एवढीशी चूकही त्यास पुरते.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास कलम ४७ नुसार तेथील नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो. पुण्याहून बंगळुरूस किंवा नागपूरहून भोपाळला गेलेल्या कर्मचाऱ्याने नवा क्रमांक घेतला, परंतु विमापत्रावर जुनाच राहू दिला, तर नव्या क्रमांकापुढे विमा दिसणार नाही. विमापत्र भारतभर चालते, ते राज्य बदलल्याने रद्द होत नाही. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक बदलत नसल्याने त्यांच्या आधारे वाहनाची ओळख पटविता येते. तरीही नव्या क्रमांकाचे पृष्ठांकन विमापत्रावर त्वरित करून घेणे श्रेयस्कर.

दुसरा घोटाळा मुदतीचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा एका वर्षाचाच असतो. तो संपला म्हणजे ‘विमा संपला’ असा समज होतो. प्रत्यक्षात तृतीय पक्ष विमा चालू असेल, तर कलम १९६ चा अपराध घडत नाही. विमापत्रावर दोन्ही मुदती स्वतंत्र छापलेल्या असतात. त्या दाखवून द्याव्यात.

तिसरी बाब जुन्या वाहनाच्या खरेदीची. वाहनाची मालकी हस्तांतरित झाली की कलम १५७ नुसार पूर्वीच्या मालकाचे विमा प्रमाणपत्र नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावयाचा असतो. त्यामुळे ‘विमापत्रावर तुमचे नाव नाही, म्हणजे विमाच नाही’ हा आक्षेप तृतीय पक्ष जोखमीपुरता टिकत नाही. मात्र स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा नावबदलाअभावी अडू शकतो, हे विसरू नये.

पुरावा कोणता ग्राह्य?

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे विमा प्रमाणपत्र. त्यावरील वाहनक्रमांक, चासी क्रमांक आणि विमा सुरू होण्याची तारीख व वेळ चलानावरील नोंदीशी ताडून पाहावी. त्यासोबत त्या दिवशी व त्या वेळी विमा अमलात होता, असे विमा कंपनीचे पत्र किंवा ई-मेल घ्यावा.

बँकेचे खाते-विवरण हा पूरक पुरावा आहे. हप्ता कोणत्या दिवशी खात्यातून गेला हे त्यावरून कळते. परंतु त्यावरून विमापत्र निघाले असे सिद्ध होत नाही. वाहनकर्ज घेतलेल्या ग्राहकांची विमापत्राची प्रत बहुधा शाखेतील कर्जप्रकरणात असते. मूळ प्रत हरवली असल्यास शाखेकडे लेखी विनंती करून तिची छायाप्रत मागता येईल. अशा विनंतीस मुदतीचे बंधन असते, हे जाणून शाखेतील सहकाऱ्यांनीही ती तत्परतेने हाताळावी.

आक्षेप कसा नोंदवावा?

१. चलानावरील वाहनक्रमांक, छायाचित्र, ठिकाण, वेळ आणि कलम काळजीपूर्वक वाचावे. छायाचित्रातील वाहन आपलेच आहे का, हेही पाहावे.

२. रस्त्यावर थांबविले असल्यास सात दिवसांत ठाण्यात प्रमाणपत्र सादर करून पोच घ्यावी.

३. ई-चलान असल्यास संबंधित राज्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून प्रमाणपत्र जोडावे व तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

४. प्रकरण आभासी न्यायालयात गेले असल्यास दंड भरणे किंवा प्रतिवाद करणे असे दोन पर्याय दिसतात. प्रतिवाद निवडल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते. तेथे कागदपत्रांसह हजर राहावे.

५. त्याच वेळी विमा कंपनीस लिहून ‘वाहन’ प्रणालीतील नोंद दुरुस्त करवून घ्यावी. अन्यथा तेच चलान पुन्हा येईल.

प्रतिवाद कोठे टिकत नाही?

विमा खरोखरच खंडित झाला असेल, तर तो एका दिवसासाठी असला तरी बचाव उरत नाही. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांची सवलत असते, असा समज सर्वत्र आढळतो. ती सवलत ‘नो क्लेम बोनस’ टिकविण्यापुरती आहे; त्या काळात विमासंरक्षण नसते. पोलिसांनी थांबविल्यानंतर भ्रमणध्वनीवरून तत्काळ विमा घेतला, तरी तो आधीच्या वेळेस लागू होत नाही.

हप्त्याचा धनादेश न वटणे हाही गंभीर प्रकार आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४-व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याखेरीज विमा कंपनी जोखीम स्वीकारत नाही. धनादेश परत गेल्यावर कंपनीने विमापत्र रद्द करून तसे कळविले असेल, तर हातातील कागद निरुपयोगी ठरतो. म्हणून हप्त्यासाठी धनादेश दिल्यास खात्यात पुरेशी शिल्लक ठेवावी आणि तो वटल्याची खात्री करावी. मध्यस्थामार्फत विमा घेतला असल्यास विमापत्राचा क्रमांक थेट कंपनीकडून पडताळून घ्यावा. बनावट विमापत्रे अपघातानंतरच उघडकीस येतात, आणि तेव्हा प्रश्न २,००० रुपयांचा राहत नाही. जखमीची किंवा मृताच्या कुटुंबाची संपूर्ण भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

विमापत्र हाती पडताच पाच मिनिटे काढून क्रमांक, नाव आणि दोन्ही मुदती तपासाव्यात, ‘वाहन’ प्रणालीत नोंद दिसते का ते पाहावे आणि एक प्रत डिजिलॉकरमध्ये ठेवावी. एवढे केले असल्यास आरोप झाला तरी त्याचे उत्तर ग्राहकाजवळ तयार असेल.